१२० दिवस हे थांबायचे दिवस नव्हेत: अमेरिकेत घराचा हप्ता थकल्यावर तारखांचा हिशेब

डॅलसजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. नोकरी गेली आणि घराचे १ मार्च व १ एप्रिलचे हप्ते भरता आले नाहीत. कर्ज सांभाळणाऱ्या कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं, की १२० दिवसांच्या आत फोरक्लोजर सुरू होत नाही. एका मित्राने सांगितलं, की लिलावाच्या ३७ दिवस आधीपर्यंत मदतीचा अर्ज चालतो. मग आत्ता घाई कशाला? नवी नोकरी लागू दे, पगाराची स्लिप हातात येऊ दे, मग अर्ज करू. हे बरोबर आहे का?

दोन्ही आकडे खरे आहेत. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि टेक्सासमध्ये तो घर घालवू शकतो. कसा ते पुढे तारखा मांडून दाखवतो.

आधी एक शब्द स्पष्ट करतो, कारण पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकांशी बोलताना हमखास घोटाळा होतो. भारतात बँका ‘फोरक्लोजर’ म्हणतात ते कर्ज मुदतीआधी फेडून टाकण्याला. अमेरिकेत फोरक्लोजर म्हणजे थकलेल्या कर्जापोटी घर ताब्यात घेऊन विकणं. तिकडचा सरफेसी कायदा (थकलेल्या कर्जापोटी बँकेला घर विकू देणारा), ९० दिवसांनंतरचं एनपीए म्हणजे थकीत खातं, ६० दिवसांची नोटीस, यांतलं काहीही इथे लागू नाही. काकांचा सल्ला प्रेमाने ऐका, पण त्यावर तारखा ठरवू नका.

इथले नियम ‘रेग्युलेशन एक्स’चे, म्हणजे घरकर्जांसाठीच्या केंद्रीय नियमावलीचे. त्यातली कलमं १०२४.३९ ते १०२४.४१ आपल्या कामाची, १० जानेवारी २०१४ पासून लागू झालेली. ही कलमं बँकेवर नाही, ‘सर्व्हिसर’वर बंधन घालतात. सर्व्हिसर म्हणजे तुमचा हप्ता गोळा करणारी कंपनी. कर्जाचा खरा मालक बहुतेक वेळा वेगळाच असतो, म्हणजे फॅनी मे, फ्रेडी मॅक (घरकर्जं विकत घेणाऱ्या दोन मोठ्या संस्था) किंवा एखादा गुंतवणूकदार. कोणत्या सवलती मिळू शकतात हे मालकाच्या नियमांवर ठरतं. तुमच्या अर्जाचं काय करायचं आणि किती दिवसांत, हे रेग्युलेशन एक्स ठरवतं. म्हणजेच हा कायदा तुम्हाला सवलत मिळेल अशी हमी देत नाही. पूर्ण अर्ज वेळेत पोचला तर तो तपासला जाईल आणि तोवर घर विकलं जाणार नाही, एवढीच हमी देतो. पण तीही छोटी नाही.

फाईल हातात आली की मी आधी तीन गोष्टी पाहतो, कारण त्यांवर पुढचं सगळं अवलंबून आहे. पहिली, हे तुमचं राहतं मुख्य घर आहे का? भाड्याने दिलेल्या दुसऱ्या घराला ही तीन कलमं लागू होत नाहीत. दुसरी, हे साधं मॉर्गेज (घरकर्ज) आहे की घरावर काढलेली क्रेडिट लाईन, म्हणजे लागेल तसं उचलायचं कर्ज? क्रेडिट लाईन या नियमांच्या बाहेर आहे. तिसरी, सर्व्हिसर छोटा आहे का? पाच हजार किंवा त्याहून कमी कर्जं सांभाळणारी आणि ती सगळी स्वतःचीच असलेली संस्था, उदाहरणार्थ गावातली क्रेडिट युनियन (सभासदांची पतसंस्था), ‘छोटा सर्व्हिसर’ ठरते. तिला १२० दिवसांचं बंधन आहे, पण अर्ज तपासण्याची बाकीची बहुतेक बंधनं नाहीत. तिन्ही उत्तरं तुमच्या बाजूची आहेत असं धरून पुढे जाऊ.

दिवस कसे मोजायचे यात बरेच जण पहिल्याच पायरीवर चुकतात. १५ तारखेपर्यंत भरलं तर दंड लागत नाही, म्हणून थकबाकी १६ तारखेपासून, असं लोक धरतात. तसं नाही. मुद्दल, व्याज आणि एस्क्रो (घराचा कर व विमा यांसाठी हप्त्यातून घेतली जाणारी रक्कम) मिळून पूर्ण हप्ता ज्या तारखेला देय होता आणि भरला गेला नाही, त्या तारखेपासून थकबाकी सुरू होते. १ मार्चचा हप्ता चुकला तर मोजणी १ मार्चपासून. ६ एप्रिलपर्यंत, म्हणजे ३६ दिवसांत, सर्व्हिसरने तुमच्याशी प्रत्यक्ष बोलण्याचा प्रामाणिक प्रयत्न करायला हवा. १५ एप्रिलपर्यंत, म्हणजे ४५ दिवसांत, मदतीच्या पर्यायांचं लेखी पत्र पाठवायला हवं आणि तुमच्यासाठी संपर्काचा माणूस नेमायला हवा. १२० वा दिवस २९ जूनला येतो. नियम ‘१२० पेक्षा जास्त’ असा आहे, म्हणून फोरक्लोजरचा पहिला कागद ३० जूनला दाखल होऊ शकतो.

हाती थोडे पैसे असतील तर इथे एक बारकावा उपयोगी पडतो. भरलेला हप्ता सर्व्हिसर सर्वांत जुन्या थकलेल्या हप्त्यात जमा करतो, आणि बहुतेक करारांत तसंच असतं. मग एक पूर्ण हप्ता भरला की थकबाकीची सुरुवात १ मार्चवरून १ एप्रिलवर सरकते आणि १२० दिवसांची मर्यादाही महिनाभर पुढे जाते. पण हप्ता पूर्ण हवा. अर्धा भरलात तर ती रक्कम वेगळ्या ‘सस्पेन्स’ खात्यात पडून राहू शकते आणि पूर्ण हप्त्याएवढी साठेपर्यंत तारीख तसूभरही हलत नाही. दर महिन्याला अर्धे-अर्धे भरून ‘निदान प्रयत्न तर दिसतोय’ असं समाधान मानणारे कमी नाहीत. त्यापेक्षा दोन महिन्यांतून एक पूर्ण हप्ता बरा. अर्थात घरात पुढच्या दोन महिन्यांचं किराणा-औषध उरणार नसेल, तर हेही करू नका.

आता मुख्य मुद्दा. या नियमांत वजन कशाला असेल तर ‘पूर्ण अर्ज’ या दोन शब्दांना. तुम्ही फोन केलात, फॉर्म भरला, आठपैकी सहा कागद पाठवले, तर तो अर्ज आहे, पण पूर्ण नाही. लिलाव रोखणारं खरं संरक्षण पूर्ण अर्ज पोचल्याच्या तारखेला सुरू होतं, आणि ते किती मिळणार हे त्या दिवशी लिलाव किती दूर आहे यावर ठरतं.

पूर्ण अर्ज पहिला कागद दाखल होण्याआधी पोचला, तर तो निकाली निघेपर्यंत सर्व्हिसर फोरक्लोजर सुरूच करू शकत नाही, मग १२० दिवस उलटून गेले असले तरी. फोरक्लोजर सुरू झाल्यावर पण लिलावाच्या ३७ पेक्षा जास्त दिवस आधी पोचला, तर प्रक्रिया सुरू राहील, पण सर्व्हिसरला कोर्टाकडे निकाल मागता येणार नाही आणि लिलावही करता येणार नाही. ३७ किंवा त्याहून कमी दिवस उरले असताना पोचला, तर या नियमांखाली अर्ज तपासण्याचं किंवा लिलाव थांबवण्याचं बंधन नाही. वरातीमागून घोडं. अजून एक नियम आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असतो: पूर्ण अर्ज पोचला त्या दिवशी लिलावाची तारीखच ठरलेली नसेल, तर तो ९० किंवा अधिक दिवस आधी आला असं धरतात. नंतर लिलाव जवळचा लागला तरी मिळालेला हक्क जात नाही.

आता हे टेक्सासच्या कॅलेंडरवर ठेवा. टेक्सासमध्ये साध्या मॉर्गेजचा लिलाव कोर्टात न जाता होतो. (घराच्या इक्विटीवर, म्हणजे घरातल्या तुमच्या स्वतःच्या हिश्श्यावर, काढलेल्या कर्जाचं वेगळं, तिथे आधी कोर्टाचा आदेश लागतो.) राहत्या घरासाठी आधी थकबाकी भरायची किमान २० दिवसांची नोटीस येते. बहुतेक छापील करारांत ३० दिवस असतात. ही नोटीस कुठे नोंदवावी लागत नाही, म्हणून ती ‘पहिला कागद’ धरत नाहीत आणि ती १२० दिवसांच्या आतही येऊ शकते. आली म्हणून घाबरू नका, पण तिला साधं स्मरणपत्रही समजू नका. त्यानंतर लिलावाच्या किमान २१ दिवस आधी त्याची नोटीस (टेक्सासमधला ‘पहिला कागद’ तो हाच) कोर्टहाउसवर लागते, काउंटी क्लार्ककडे, म्हणजे जिल्ह्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे, दाखल होते आणि तुम्हाला सर्टिफाइड टपालाने येते. लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी १० ते दुपारी ४ च्या दरम्यान.

२०२६ चं वर्ष धरू. पहिला कागद लागू शकतो तो ३० जूनला. ऑगस्टचा पहिला मंगळवार ४ तारखेला, आणि त्याच्या २१ दिवस आधी म्हणजे १४ जुलै. म्हणजे सर्व्हिसरने ३० जून ते १४ जुलै यांपैकी कोणत्याही दिवशी नोटीस लावली तर ४ ऑगस्टला लिलाव होऊ शकतो. आता ३७ दिवस मागे मोजा: २८ जून. पूर्ण अर्ज ३७ पेक्षा जास्त दिवस आधी हवा, म्हणजे २७ जूनपर्यंत. नोटीस अगदी पहिल्याच दिवशी, ३० जूनला लागली, तरी लिलावाला ३५ दिवसच उरतात. नोटीस हातात पडते तेव्हा तुमच्या मित्राची ३७ दिवसांची खिडकी बंद झालेली असते. सर्व्हिसरने सप्टेंबरचा लिलाव ठरवला तर थोडा अवधी मिळेल, पण ते त्याच्या मर्जीवर.

म्हणून टेक्सासच्या माणसाने ३७ चा आकडा विसरावा. तुमच्यासाठी रेषा एकच: लिलावाची नोटीस लागायच्या आत पूर्ण अर्ज. तुमच्या बाबतीत ती तारीख २९ जून. आणि अर्ज ‘पूर्ण’ व्हायला एक-दोन फेऱ्या लागतातच, म्हणून तो एप्रिलमध्येच पाठवायचा.

न्यू जर्सीत हेच चित्र बरंच वेगळं दिसतं. तिथे फोरक्लोजर कोर्टातून होतं. आधी किमान ३० दिवसांची इराद्याची नोटीस येते, मग दावा, दाव्याला उत्तर द्यायला ३५ दिवस, आणि अंतिम निकालापर्यंत थकबाकी भरून कर्ज पूर्ववत करायचा हक्क. तिथे ३७ दिवसांच्या नियमाला खरोखर अर्थ आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मित्राचा अनुभव डॅलसजवळच्या फ्रिस्कोत चालत नाही तो यामुळे.

अर्ज पूर्ण करायचा म्हणजे काय? काय काय लागेल हे सर्व्हिसर ठरवतो. साधारणपणे मदतीचा अर्ज (फॅनी-फ्रेडीच्या कर्जांना फॉर्म ७१०), उत्पन्नाचे पुरावे, बँक स्टेटमेंट, आणि टॅक्सची माहिती मागवायला संमतीचा फॉर्म ४५०६-सी. अडचण का आली ते सांगणारा भाग अर्जातच असतो. अर्ज पोचल्यापासून कामकाजाच्या ५ दिवसांत सर्व्हिसरने लेखी कळवायला हवं, की तो पूर्ण आहे की अपूर्ण, कोणते कागद कमी आहेत आणि ते कधीपर्यंत हवेत. (लिलाव ठरलाच असेल तर तो ४५ किंवा जास्त दिवस दूर हवा.) कागद द्यायची मुदत साधारण ३० दिवसांची असते. सातपेक्षा कमी दिवस देऊ नयेत, अशी अपेक्षा आहे. सगळी अंमलबजावणी या पत्राभोवती फिरते. त्यात लिहिलेले कागद, सगळे, एकाच खेपेला पाठवा. यादीतले कागद पोचले की अर्ज पूर्ण झाल्यासारखा धरला जातो. नंतर त्यांनी आणखी काही मागितलं आणि तुम्ही ते दिलेल्या वेळेत दिलं, तर जुनी तारीख कायम राहते.

फाईल अडकते ती बहुतेक वेळा फार छोट्या कारणांनी. बँक स्टेटमेंटची पाच पानं असतात आणि पाचवं कोरं म्हणून चारच पाठवली जातात. कर्ज दोघांच्या नावावर असतं, सही एकाचीच असते. खात्यात भारतातून आलेल्या मोठ्या रकमेचा खुलासा नसतो. आणि सर्वांत जास्त वेळा, कागद ‘शिळे’ होतात: एप्रिलचं स्टेटमेंट जूनमध्ये चालत नाही, की नवं मागवलं जातं आणि पुन्हा चक्र. प्रत्येक पानावर लोन नंबर लिहा, पोर्टलवर चढवलं तर पोच दाखवणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा, टपालाने पाठवलं तर पोचपावतीसह सर्टिफाइड. फोनवर ‘सगळं मिळालं’ म्हणाले, हा पुरावा नव्हे.

पाच दिवसांत पत्र आलं नाही, किंवा पूर्ण अर्ज असताना नोटीस लागली, तर ‘नोटीस ऑफ एरर’ पाठवायची. ही लेखी तक्रार असते आणि ती सर्व्हिसरने त्यासाठीच जाहीर केलेल्या पत्त्यावर जायला हवी. हप्ता पाठवता तो पत्ता सहसा वेगळा असतो. फोरक्लोजरच्या नियमभंगाची तक्रार असेल तर उत्तर लिलावाच्या आधी किंवा कामकाजाच्या ३० दिवसांत, जे आधी येईल तोवर, द्यावं लागतं.

अर्ज पूर्ण झाला की ३० दिवसांत सगळे उपलब्ध पर्याय एकत्र तपासून लेखी निर्णय यायला हवा. सवलतीचा देकार (ऑफर) मिळाला तर उत्तराला किमान १४ दिवस, आणि पूर्ण अर्ज लिलावाच्या ९० पेक्षा कमी दिवस आधी आला असेल तर किमान ७. गप्प बसणं म्हणजे नकार धरता येतो. मात्र ट्रायल प्लॅनचा, म्हणजे नवा हप्ता आधी काही महिने भरून दाखवण्याचा, देकार असेल आणि तुम्ही सही न करता पहिला हप्ता वेळेवर भरलात, तर तो स्वीकार मानून सह्यांना वाढीव वेळ द्यावा लागतो. कर्जाच्या अटी बदलून द्यायला नकार आला आणि अर्ज ९० दिवसांच्या निकषात बसत असेल, तर १४ दिवसांत अपील. ते पहिला निर्णय घेणाऱ्या माणसांखेरीज दुसऱ्याने तपासायचं असतं, आणि तेही ३० दिवसांत.

‘नोकरी लागल्यावर चांगला पगार दाखवून अर्ज करू’ या विचारात थोडं तथ्य आहे. उत्पन्न शून्य असेल तर कायमचा बदल, म्हणजे मॉडिफिकेशन, मिळणं कठीण. बहुधा तात्पुरता फॉर्बेअरन्स मिळेल, म्हणजे काही महिने हप्ता बंद किंवा कमी. तो घ्या. पण एक सापळा ओळखून घ्या. अपूर्ण अर्जावर फॉर्बेअरन्स मिळाला आणि तुम्ही त्याच्या अटी पाळत असाल, तर त्या काळात फोरक्लोजर सुरू होत नाही. मात्र मूळ हप्ते थकतच राहतात आणि थकबाकीचे दिवस मोजणं चालू राहतं. एप्रिलअखेर मिळालेला तीन महिन्यांचा फॉर्बेअरन्स जुलैअखेर संपेल, तेव्हा १२० दिवस कधीच उलटलेले असतील आणि दुसऱ्या दिवशीही नोटीस लागू शकेल. मुदत संपण्याआधी सर्व्हिसरने तुम्हाला विचारायला हवं, की पूर्ण तपासणी हवी का. तुम्ही मात्र वाट पाहू नका. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ताजे कागद घालून अर्ज पूर्ण करा. तोवर नोकरी लागली असेल तर नवी पगाराची स्लिप यातच येते. थांबून मिळवायचं होतं तेही मिळतं, आणि संरक्षणही सुटत नाही.

हा नियम दर वेळी नव्याने मिळत नाही, हेही सांगून ठेवतो. एकदा पूर्ण अर्जावर निर्णय झाला आणि तो अर्ज दिल्यापासून तुम्ही एकदाही थकबाकी शून्यावर आणली नाही, तर त्याच सर्व्हिसरला दुसरा अर्ज या नियमांनुसार तपासण्याचं बंधन नाही. म्हणजे पहिला पूर्ण अर्ज हाच खरा डाव. मधेच सर्व्हिसर बदलला तर अर्ज नव्या कंपनीकडे तसाच पुढे जायला हवा. व्यवहारात कागद हरवतात, म्हणून तुमची पूर्ण प्रत आणि ‘अर्ज पूर्ण’ असल्याचं जुनं पत्र नव्या कंपनीला लगेच पाठवा.

एच-वन-बी व्हिसावर असाल तर दुसरं घड्याळही टिकटिकतंय. नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस, किंवा आय-९४ ची (अमेरिकेतल्या मुक्कामाच्या नोंदीची) मुदत आधी संपत असेल तर तितकेच. ते १२० दिवसांच्या कितीतरी आधी संपतं. कुटुंब भारतात परतलं आणि घर भाड्याने दिलं, तर ते मुख्य राहतं घर उरत नाही आणि वरची सगळी कलमं गळून पडतात. घर नुसतं रिकामं असेल तर मात्र ते मुख्य घर असू शकतं, ते परिस्थितीवर ठरतं. परतायची शक्यता खरी असेल आणि घराची किंमत कर्जापेक्षा बरीच जास्त असेल, तर मी अर्जाच्या मागे फार लागणार नाही. घर लगेच विक्रीला लावा. अर्जाने मिळणारे दिवस विक्रीसाठी वापरायचे. लिलावात उरलेलं भांडवल सहसा हातात येत नाही तेवढं, जेवढं साध्या विक्रीत येतं.

उशीर झालाच असेल, नोटीस लागली असेल, तर दोन वाटा उरतात. फॅनी-फ्रेडीच्या छापील करारानुसार लिलावाच्या ५ दिवस आधीपर्यंत सगळी थकबाकी आणि खर्च एकरकमी भरून कर्ज पूर्ववत करता येतं. नेमका आकडा सर्व्हिसरकडून लेखी मागवा. दुसरी वाट चॅप्टर १३ दिवाळखोरीची, म्हणजे कोर्टाच्या देखरेखीखाली थकबाकी हप्त्यांनी फेडण्याची. ती लिलावाआधी दाखल झाली तर लिलाव थांबतो, पण त्यासाठी वकील हवा, आणि व्हिसा असेल तर इमिग्रेशनवाल्यालाही विचारून घ्या. लिलाव झाल्यावर टेक्सासमध्ये मॉर्गेजचं घर सोडवून परत घ्यायची सोय नाही.

मदत हवी असेल तर ‘हड’ने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याने, मान्यता दिलेले हाउसिंग काउन्सेलर ती फुकट करतात. ‘तुमचं घर वाचवतो, आधी तीन हजार डॉलर भरा’ म्हणणाऱ्या कंपन्यांपासून लांब राहा. कर्ज देणाऱ्याचा लेखी देकार तुम्ही स्वीकारेपर्यंत अशा कंपन्यांना फी घेताच येत नाही. वकिलांना मात्र काही अटींवर सूट आहे.

शेवटी, मे महिन्यापासून काउंटी क्लार्कच्या वेबसाइटवर लिलावाच्या नोटिसांची यादी पाहत राहा. टेक्सासच्या काउंट्यांनी वेबसाइट असेल तर तिच्यावर या नोटिसा फुकट पाहता येतील अशा टाकायच्या असतात. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारच्या तीन आठवडे आधी स्वतःचा पत्ता त्यात शोधायला पाच मिनिटं लागतात. सर्टिफाइड टपाल दारातून परत गेलं म्हणून नोटीस रद्द होत नाही.